मायची काकणं

गाव सोडलं त्या सकाळी मायच्या दोन्ही हातांत नवी हिरवी काकणं होती, आणि सगळा गोंधळ त्या काकणांपायीच झाला होता. गाडी वेशीपाशी थांबली होती. गाडीत एक वाकळ, पितळेचा तांब्या, पत्र्याची पेटी, गवतात गुंडाळलेल्या काकणांच्या दोऱ्या, आणि पुढं बुरखा सावरत बसलेली खैरूनमावशी. मी सात-आठ वर्षांची असेन. आबाकाका, म्हणजे तुझे वडील, दत्ता, गाडीच्या चाकाला हात लावून उभे होते. तू काकूच्या कडेवर होतास आणि माझ्याकडं बघून हसत होतास. हे मला चांगलं आठवतं, कारण त्या दिवशी हसणारं दुसरं कुणीच नव्हतं.

काका एवढंच म्हणाले, "वैनी, अजून बी इचार करा."

माय म्हणाली, "इचार करूनच जाऊन राहिले, भाऊजी."

मग गाडीवानानं बैलांना हाक दिली आणि काकांनी चाकावरचा हात काढून घेतला.

परवा मायच्या तेराव्याला तू लातूरला आलास. जाताना दारात चपला घालता घालता विचारलंस, "अक्का, गावातल्या हुतात्मा स्तंभाची डागडुजी करून राहिलोत. मोठ्या काकांचं नाव आता टाकावं का?" आधी मयतीला आलास तेव्हा मायचे हात मोकळे होते, हे तुझ्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. इतक्या वर्षांनी तिनं आण्णांचं जाणं मान्य केलं, असं तुला वाटलं असणार. मी 'सांगते' म्हणाले. सांगायला तसा एक शब्द पुरला असता, पण मग तू कारण विचारलं असतंस, आणि ते दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते. तुझ्यासाठी, आणि आपल्यातले जे नांदेडला, निजामाबादला जाऊन राहिले त्यांच्यासाठीही. त्यांना ही गोष्ट अर्धीच माहीत आहे, आणि ती अर्धीही काकूच्या तोंडून.

आण्णांना तू पाहिलं नाहीस. माझ्या वडिलांबद्दल आता जो तो 'ते लढ्यात होते' असं म्हणतो, पण त्यांनी बंदूक हातात धरलेली मी कधी पाहिली नाही. त्यांच्या मुठीत असायची बायकांची मनगटं. कासार माणूस. रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला तेव्हा आपल्या भागातले बरेच गडी पैनगंगेपलीकडं, उमरखेडच्या बाजूच्या कँपात गेले होते. मागं राहिलेल्या बायकांना त्यांचा निरोप नाही, त्यांना बायकांचा नाही. आण्णा काकणं भरायला दारोदार जात, आणि हात कासाराच्या हातात असला की बाई मनातलं बोलते. कुणी सांगायची, मूल झालं म्हणावं. कुणी सांगायची, सासरे गेले, पण इकडं येऊ नका म्हणावं. आण्णा ते सगळं डोक्यात भरून घेत, माल आणायला नांदेडला जातो म्हणून निघत, आणि नदीपलीकडं पोचवून येत. येताना दोरीभर काकणं आणि डोकंभर निरोप आणत. नाक्यावर झडती झाली तरी सापडायचं काय? काचेची काकणं.

शेवटच्या खेपेला निघाले त्या सकाळी त्यांनी मायची काकणं भरली. आम्हा कासारांत एक दंडक आहे. गावभरच्या बायकांचे हात भरणाऱ्या कासारणीनं स्वतःचे हात स्वतः भरायचे नाहीत. दुसऱ्यानं भरायचे. मायची काकणं नेहमी आण्णाच भरत, आणि डाव्या हातात एक जास्त घालत. त्या दिवशीही घातलं. मग दोरी खांद्यावर टाकली आणि गेले. कंधारच्या रस्त्याला त्यांना कुणीतरी पाहिलं होतं, तेवढंच.

पुढचे महिने आम्ही ज्वारीत काढले असं म्हटलं तरी चालेल. धूळ उडताना दिसली की सगळा गाव पिकात शिरायचा. ताटं उंच होती म्हणून बरीच माणसं वाचली. एकदा परत येऊन बघतो तर आपली आळी जळालेली. माळवदावर काकणांचा माल ठेवलेला होता, तो वितळून त्याचा एक गोळा झाला होता, हिरवा, लाल, मधूनच पिवळा. मला तो फार आवडला. मी त्याच्याशी खेळायचे. मायनं एकदा माझ्या हातात तो बघितला आणि पदरात घेतला. अजून माझ्याकडं आहे.

मग पोलीस ॲक्शन झाली. गावात गुलाल उधळला. तुरुंगातले सुटले, कँपातले परतले. ज्यांचे निरोप आण्णांनी वाहिले ते सगळे आले. आण्णा आले नाहीत. एकजण म्हणाला, मन्याड नदीच्या काठावर त्यांना गोळी घातली. दुसरा म्हणाला, निजामाबादच्या तुरुंगात बघितलं. दोघांनाही मायनं एकच विचारलं, "तुमी सोत्ता बघितलाव का?" दोघांनीही ऐकलेलंच सांगितलं होतं.

त्याच दिवसांत खैरूनमावशी आमच्याकडं आली. मुखेडची मण्यारीण. तिचा नवरा आणि आण्णा धंद्यातले जोडीदार. नांदेडहून माल एकत्र उचलायचे आणि अर्धा अर्धा वाटून घ्यायचे, आण्णा हिंदूंच्या घरी जात, तो मुसलमानांच्या. ॲक्शननंतर मुखेडात तिच्या गल्लीला आग लावली गेली आणि तिच्या नवऱ्याला तिच्यासमोर दारात मारलं. ते करणारे आपल्या बाजूचे होते, दत्ता. स्तंभावर ते कुठं लिहिलेलं नाही, आणि मी लिहा म्हणणारही नाही, पण तुला माहीत असावं. ती सकाळी परसात येऊन उभी राहिली, मोकळ्या हातांनी. मायनं तिला आत घेतलं आणि भाकरी वाढली.

आता मायची काकणं. आबाकाकांनी लवकरच विषय काढला. काका वाईट नव्हते, हे तुला मुद्दाम सांगते. भावाचे दिवस घालावेत, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असं म्हणताना त्यांचेच डोळे भरले होते. "वैनी, त्याला असं मधीच लटकत ठिवू नका," म्हणाले. पण दिवस घातले की काकणं जाणार, कुंकू जाणार. आणि आमच्या धंद्यात मोकळ्या हाताच्या कासारणीकडून नवरीचा चुडा कुणी भरून घेत नाही. मायला ते कळत होतं, काकूलाही कळत होतं. काकूनं मग बोलायचं सोडून दिलं आणि नुसती वाट बघायला लागली. काच ती काच. नवऱ्यानं भरलेली काकणं आज ना उद्या वाढणारच (काकण फुटलं म्हणू नये, वाढलं म्हणावं), आणि नवी भरायला कोण येणार होतं?

काकू रोज सकाळी आधी मायच्या हाताकडं बघायची, मग तोंडाकडं. माय धुणं आपटायची नाही, पिळून टाकायची. दळताना हाताला फडकं बांधायची. मला कुशीत घ्यायची तीही हात लांब ठेवून, आणि मला वाटायचं, मायची माया कमी झाली. तरी काकणं वाढत गेली. एक पाणी शेंदताना, एक मलाच न्हाऊ घालताना. डाव्या हातातलं जास्तीचं तेवढं शेवटी राहिलं. ज्या दिवशी तेही गेलं त्या दिवशी माय उंबऱ्यात बसली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी घाबरून खैरूनमावशीला बोलावलं.

मावशी आली, तिनं मायचा मोकळा हात उचलून बघितला आणि दोरी सोडली. माय म्हणाली, "खैरून, तू न्हाई. तुजा हात मोकळा." मावशीनं हिरवी काकणं निवडली. "मैं देखी, आपा. मेरा मेरे सामने गया. मेरेकू मालूम है, इसलिए मेरा हात खाली. तेरेकू मालूम नै. फिर कायकू खाली रखती?" आणि तिनं मायचा पंजा मुठीत दाबून काकणं चढवली. डाव्या हातात एक जास्त.

विधवेच्या हातून, तेही मुसलमानणीच्या, आणि नवऱ्याचा पत्ता नसलेल्या बाईनं भरून घेतलेली काकणं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवसापासून मायकडं काकणं भरायला एक बाई फिरकली नाही. ज्यांचे निरोप आण्णांनी वाहिले, त्यांच्याही घरची नाही. हे मला अजून लागतं. रझाकारांच्या भीतीनं आम्ही गाव सोडलं नव्हतं, ते आम्ही आपलं राज्य आल्यावर सोडलं.

लातूरच का, तर मावशीची नणंद तिथं होती आणि आम्हाला ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं. गंजबाजाराच्या मागं दोन खोल्या मिळाल्या, एक मावशीची, एक आमची, मधे एक न्हाणी. त्या न्हाणीवरून दोघी आयुष्यभर भांडल्या. मावशी माल निवडायची, मापाप्रमाणं दोऱ्या लावायची, माय टोपली घेऊन फिरायची. मावशीच्या दोरीला हात लावला तर ती अंगावर यायची, आणि मायनं कांदा चिरला की मावशीला म्हणे तो जाड दिसायचा. संक्रांतीच्या आधी मात्र एक दिवस भांडण बंद असे. मावशी मायची काकणं भरायची. मनगट दाबताना म्हणायची, "हात है के बैल का खुर?" माय म्हणायची, "हळू, बाई. ही काकणं वरीसभर टिकली पायजेत."

गिऱ्हाईक विचारायचं, मालक काय करतात? मायचं उत्तर ठरलेलं. "गावाला गेलेत." मी शाळेत असताना तिनं ते सांगितलं. मी ट्रेनिंग करून मास्तरीण झाले तेव्हा सांगितलं. माझ्या लग्नात माझ्या सासूलाही तिनं तेच सांगितलं, आणि कन्यादानाला आबाकाका बसले. काकांनी तेव्हा तिचं वाक्य खोडलं नाही, म्हणून मी मागं म्हटलं की काका वाईट नव्हते. मला मात्र तिचा राग यायचा. वाटायचं, ही धंद्यासाठी नवऱ्याला जिवंत ठेवते. एकदा मी मावशीपाशी ते बोललेही. मावशी दोरी लावत होती. मान वर न करता म्हणाली, "पहले बी उसीच के नाम पे पेट चलता था. अब बी चलता. तेरेकू क्या तकलीफ है?"

मग दुष्काळ आला, तो तुलाही आठवतो, तू त्या खडीच्या कामावर मुकादम होतास. त्या वर्षी लग्नं झाली नाहीत, काकणं कुणी घेईना. माय म्हणाली, गावाकडं जाऊन येऊ. मुखेडच्या एस.टी.तून उतरलो तर रस्त्याच्या कडेला गावच्या सगळ्या बाया खडी फोडत बसलेल्या, तोंडाला फडकी बांधून. आमच्याकडून ज्यांनी काकणं घेणं बंद केलं होतं त्याही होत्या. कुणाच्याच हातात काकणं नव्हती. हातोडा उचलला की काच टिकत नाही. त्या मायकडं बघायला लाजत होत्या, आणि त्यातली एक हळूच म्हणाली, "कासारीणबाई, सवाष्णीचा हात असा मोकळा. घरधन्याला काय व्हायचं न्हाई नव्हं?"

माय तिच्याशेजारी धुळीत बसली. पिशवीतनं दोरा काढला, काकूच्या घरून हळद मागवून घेतली, दोरा भिजवला आणि तिच्या मनगटाला बांधला. "काचंला काय कळतंय? घरधनी तुज्या मनात नीट असला म्हंजे झालं." मग एकेक करत सगळ्याच आल्या. ज्या बाईनं आयुष्यभर काचेला जिवापाड जपलं, तीच असं म्हणत होती, आणि मी खडीच्या ढिगाऱ्यावर उभी राहून ऐकत होते. त्या दिवशी मला मायबद्दल वाटत आलेलं बरंच काही चुकीचं होतं हे कळलं. ती धंद्यासाठी काकणं घालत नव्हती, आणि भीतीनंही नाही.

त्याच वर्षी गावात स्तंभ उभा राहात होता. आबाकाका आम्हाला घेऊन गेले. दगडावर नावं कोरायचं काम चालू होतं. काकांनी विचारलं, "वैनी, दादाचं नाव टाकायचं ना?" मायनं दगडावरच्या नावांवरून हात फिरवला. "जागा सोडा, भाऊजी. नाव टाकू नका." काकांनी पाथरवटाला तसं सांगितलं आणि त्यानं दोन नावांच्या मधे एक ओळ मोकळी सोडली. ती तुम्ही आजवर बघत आलात. पोरं तिथं बोटानं आपलं नाव लिहितात, असं तूच म्हणालास.

मावशी गेली ते त्यानंतर काही वर्षांनी. संक्रांत तोंडावर होती. अंथरुणात उठून बसता येईना, तरी तिनं मायला बोलावून काकणं भरली. जोर नव्हता, म्हणून साबण लावून. ती गेल्यावर माय त्याच काकणांवर राहिली. मी म्हटलं, मी भरते, शिकव मला. तिनं ऐकलं नाही. पुन्हा धुणं पिळून टाकणं सुरू झालं, पुन्हा हाताला फडकं. ह्या खेपेला एकही वाढलं नाही. म्हातारपणात ती काकणांच्या बाबतीत फार हुशार झाली होती.

आणि यंदा लातूर जिल्हा झाला. मिरवणूक निघाली, बँड वाजला. आमच्या शाळेच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून पेंटरनं 'जि. लातूर' लिहिलं. मी घरी येऊन सांगितलं तर माय म्हणाली, "नाव बदललं म्हणून नळाला पाणी येतंय का?" नळ खरंच कोरडा होता. तेव्हा ती अंथरुणालाच होती. थोड्या दिवसांनी एका दुपारी तिनं मला जवळ बसवलं.

"सुशे, तुजा आजा किती वर्सांचा व्हऊन गेला?"

"सत्तरीच्या आसपास असेल."

"आन् पणजा?"

"आबाकाका म्हणायचे, तोही तेवढाच. का गं?"

ती पत्र्याकडं बघत होती. बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. "मंग आता तुजे आण्णा बी सत्तरीचे व्हऊन गेले असतील. त्यांच्या घरात गड्याला तेवढंच आयुष्य." मला आधी समजलंच नाही. मग ती म्हणाली, "त्येंला त्या लोकायनं न्हाई मारलं. म्हातारे व्हऊन गेले. आपल्या वयानं गेले. आता काढ काकणं. फोडू नको, काढ."

मी साबण आणला. तिचे हात इतके वाळले होते की साबणाची गरजही नव्हती. उजव्या हातातली काढली, मग डाव्या हातातली, आणि शेवटी ते जास्तीचं. एकही वाढलं नाही. ती रडली नाही, मीच रडले. तिनं कुंकू पदरानं पुसलं, आण्णांच्या नावानं पेलाभर पाणी ओतायला सांगितलं आणि कूस बदलली. त्यानंतर फार दिवस ती राहिली नाही. तू मयतीला आलास तेव्हा जे मोकळे हात बघितलेस ते हे. एका म्हाताऱ्या माणसाच्या विधवेचे हात होते ते.

आता तुझं उत्तर. नाव टाकू नकोस, दत्ता. तो स्तंभ मारल्या गेलेल्यांचा आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाबद्दल मला आदर आहे, पण आण्णांना मायनं मारणाऱ्यांच्या हाती लागू दिलं नाही. चौतीस वर्षं तिनं त्यांना आमच्या घरात म्हातारं होऊ दिलं. आपण आता एका दिवसात त्यांना मन्याडच्या काठावर नेऊन मारायचं का? तुझी कमिटी म्हणेल, मोकळी ओळ वाईट दिसते. दिसू दे.

मला इथं लातुरात अजून 'मुखेडकडच्या बाई' म्हणतात, आणि गावात आले की तुझी पोरं सांगतात, लातूरच्या आत्या आल्या. आधी याचं वाईट वाटायचं. आता दोन्हीकडं थोडी थोडी जागा आहे एवढं पुरतं. इथं दोन खोल्या, न्हाणी, आणि खुंटीवर एका दोरीत ओवलेली मायची सगळी काकणं. तिथं दगडावरची ती ओळ. गावाला आले की मी देवळात जायच्या आधी तिथं जाते, हे तुला माहीत नसेल.

चुना द्याल तेव्हा त्या ओळीत चुना भरून देऊ नका, एवढं बघ. आणि कुणी विचारलंच की इथं कुणाचं नाव राहिलं, तर सांग, आमच्या मोठ्या काकांचं. ते गावाला गेलेत.